तीनदा वाचायला लावणाऱ्या वकीलबाई

मानकर वकीलबाई कुणालाही पहिल्या फटक्यात सही करू देत नसत. कागद पुढे ठेवला की म्हणायच्या, "तीनदा वाच. पहिल्यांदा मोठ्यानं, मले ऐकू येईन असं. दुसऱ्यांदा मनात. अन् तिसऱ्यांदा खालून वर." खालून वर म्हणजे शेवटचा मुद्दा आधी, मग त्याच्या वरचा, असं करत पहिल्या मुद्द्यापर्यंत. पहिल्या दिवशी मी विचारलं, असं उलटं कशाला? तर म्हणाल्या, "सरळ वाचलं की माणूस गोष्टीत वाहून जाते, मास्तरीणबाई. उलटं वाचलं की खोटं सापडते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मुलांना वाचायला शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. ही युक्ती मला इतकी आवडली की पुढच्याच आठवड्यात मी ती चौथीच्या वर्गात वापरली. आज ती बाई आठवली की आधी ही युक्ती आठवते आणि मग बाकी सगळं.

त्यांना निवडलं मी. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्यात माझा म्हणून जो वाटा आहे तो एवढाच. माझी धाकटी बहीण वैशाली मारेगावला दिली होती. नवऱ्याचं कृषी केंद्र, बियाणं आणि औषधांचं दुकान. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. मग सासूचं बोलणं, मग नवऱ्याचं न बोलणं, मग एक दिवस ती दोन पिशव्या घेऊन बाभुळगावला माझ्या दारात. एका पिशवीत कपडे होते. दुसरीत, साडीच्या घडीत, नागपूरच्या दवाखान्यातला एक रिपोर्ट होता. तो तिचा नव्हता, नवऱ्याचा होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दोष त्याच्यात आहे. तिच्या तपासण्या सगळ्या नीट. हे त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यानं तिच्या पाया पडून सांगितलं होतं, आईला कळू देऊ नको. ही गप्प बसली. आणि त्यानं घरी सांगितलं की हिच्यातच दोष आहे, डॉक्टरनं हात टेकले.

वैशाली फार बोलत नाही. तिनं मला एवढंच सांगितलं, "ताई, मले त्याच्याकून काहीच नाही पाह्यजे. फक्त हे कोर्टाच्या कागदावर लिहून पाह्यजे. मी वांझ नाही हे कोणीतरी सरकारी शिक्क्यासंगं म्हणावं."

मग मी वकील शोधायला निघाले. यवतमाळला तीन जणांकडे गेले. पहिल्याची पाटी दारापेक्षा मोठी. त्यानं माझं वाक्य पुरं होण्याआधी विचारलं, "मुलीचं बाहेर काही प्रकरण?" मी पर्स उचलली आणि बाहेर आले. दुसरा फार गोड बोलला, दोन महिन्यांत मोकळी करून देतो म्हणाला, जणू काही अडकलेलं जनावर सोडवायचं होतं. तिसऱ्या मानकर बाई. कोर्टाच्या आवाराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली, वर टिनाचं छप्पर, आत एक टेबल, तीन लोखंडी खुर्च्या. काळा कोट खुंटीला, हातात पुरुषी घड्याळ. वय पन्नासच्या पुढे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघंही राजी असले तर अर्ज लावल्यावर सहा महिने. राजी नसले तर पाच वर्षं, सहा वर्षं, वर हायकोर्ट. तुमचं कोणतं, हे मी आज सांगू शकत नाही. जो सांगन तो खोटा."

त्या एका वाक्यावर मी बाईंना निवडलं. मला वाटलं, वेळेबाबत जी बाई खोटं बोलत नाही ती कशाबाबतच बोलणार नाही.

त्यांच्या सवयी सगळ्या लक्षात आहेत. नवऱ्याला त्या कधी नवरा म्हणत नसत, 'समोरचा' म्हणत. "समोरचा काय म्हंते? समोरच्याची आई आली होती का?" वैशाली पहिल्यांदा चुकून 'हे' म्हणाली, तर बाईंनी बोट वर केलं. "आता 'हे' नाही. समोरचा." रडायला मनाई नव्हती, पण रडण्याचीही एक अट होती. कुणी बाई रडायला लागली की त्या थांबून राहत, पाण्याचा तांब्या पुढे सरकवत आणि रडणं ओसरलं की म्हणत, "आता सांग, हे कोणत्या महिन्यात झालं? दिवाळीच्या आधी का नंतर?" आठवायला लागलं की रडू मागे पडायचं. दुपारी बरोब्बर दोनला डबा उघडायचा. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा, जो त्या टेबलावर मुठीनं फोडत. समोर जज्ज बसला असता तरी बाईंनी दोनचा डबा चुकवला नसता. आणि तो डबा त्या उभ्यानं खात. दिवसभर बसून बसून बायांचे संसार ऐकते, निदान भाकर तरी उभ्यानं खाऊ द्या, म्हणायच्या.

बाईंवर माझा खरा जीव बसला तो समाजाच्या बैठकीत. आमचं घर बौद्ध. वैशालीचं लग्न विहारात, वंदना घेऊन, पांढऱ्या साडीत झालेलं. त्यामुळे आमच्या मामांचं ठाम मत असं, की आपल्याला हिंदूंचा कायदा लागतच नाही, मग कोर्ट कशाला? विहारात पाच माणसं बसवायची, शंभराच्या स्टँपपेपरवर फारकत लिहायची, दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, झालं. आमच्याकडे कितीतरी घरांत अशी फारकत ट्रंकेत जपून ठेवलेली आहे. माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता, खोटं कशाला बोलू.

मी हे बाईंना सांगितलं तर त्या रविवारी स्वतः एसटीनं बाभुळगावला आल्या. विहारात सतरंजीवर बसल्या. मामांनी स्टँपपेपर आणूनच ठेवला होता. बाईंनी तो हातात घेतला नाही, म्हणाल्या, "मामा, तुमीच वाचा."

मामांनी वाचला. आजपासून उभयतांचा एकमेकांशी संबंध राहिला नाही वगैरे.

"छान लिहिलं," बाई म्हणाल्या. "आता असं समजा, याच्या भरवशावर वैशालीनं दुसरं लग्न केलं. समोरच्यानं तक्रार केली, की माही बायको असून तिनं दुसरा केला. पोलीस आले. मामा, जामिनाले तुमी जाल का?"

मामा म्हणाले, "पण आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. हिंदू कायदा आमाले काहून लागन?"

"लागते. बौद्धायले, जैनायले, शिखायले, सगळ्यायले तोच लागते. कायद्यातच तसं लिहिलं हाय. तुमाले आवडो का न आवडो. लग्न कोर्टाच्या हुकुमानंच मोडते, स्टँपपेपरनं मोडत नाही. जुनी रीत हाय म्हणून मानायचं असंन, तर ते रीत कोर्टात शाबीत करा लागते. करता का?"

मामांनी स्टँपपेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली. नंतर त्यांनी आपल्या हातानं बाईंना चहा नेऊन दिला. मामा कुणाला चहा नेऊन देतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन बाया हळूच बाईंजवळ येऊन बसल्या, आपापल्या ट्रंकेतल्या फारकतीबद्दल विचारायला. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला, की जणू बाईंना मीच घडवलं होतं.

पुढच्या महिन्यात अर्जाचा मसुदा झाला. अकरा मुद्दे. सातव्या मुद्द्यात रिपोर्ट होता. दवाखान्याचं नाव, तारीख, दोष कुणात, तो कुणी लपवला आणि कुणाच्या माथी मारला. वैशाली मोठ्यानं वाचायला लागली. ती लहानपणापासून तोंडातल्या तोंडात बोलते. पण सातव्या मुद्द्यावर तिचा आवाज असा काही निघाला, की बाजूच्या खोलीतला टायपिस्ट टाइप करायचा थांबला. मग मनात वाचलं. मग खालून वर. सही केली. बाईंनी रिपोर्ट मागितला.

"ओरिजिनल दे. कोर्टाले ओरिजिनल लागते."

मी विचारलं, "झेरॉक्स ठेवू का एक?"

"कायले? फाइलीत लागला की नक्कल भेटते. जनमभर भेटते."

वैशालीनं तो रिपोर्ट दोन्ही हातांनी दिला. आठवडाभरानं बाईंचा फोन आला, अर्ज लावला म्हणून. केसचा नंबर पडला की कॉपी देते म्हणाल्या. ती कॉपी मी कधी मागितली नाही. आपल्या माणसाकडे कोण पावती मागतं?

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मारेगावची मंडळी बाईंच्या खोलीत येऊन गेली असं कळलं. आणि एकदम समोरचा राजी झाला. दोघांच्या संमतीचा अर्ज करू म्हणाला. वैशाली तोवर दीड वर्ष माहेरी होती, म्हणजे वर्षभर वेगळं राहण्याची जी अट असते तीही पुरी झालेली. बाईंनी नवा कागद पुढे ठेवला. दोनच पानं. वैशालीनं मोठ्यानं वाचलं. स्वभाव न जुळल्यामुळे उभयतांना एकत्र नांदणे अशक्य झाले आहे. मनात वाचलं. खालून वर वाचलं. मग तिनं मान वर करून विचारलं, "मॅडम, माहा सात नंबर कुठं हाय?"

बाईंनी तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "तो पयल्या अर्जात हाय ना, पोरी. तो अर्ज लागला हाय. दोन्ही एकाच फाइलीत राह्यते. हा फक्त मोकळं होण्याचा कागद."

वैशालीनं सही केली. सहा महिने थांबलो. दुसऱ्या तारखेला जज्जसाहेबांनी विचारलं, संमती स्वखुशीनं आहे का? ती हो म्हणाली. समोरचा हो म्हणाला. दहा मिनिटांत हुकूम झाला. सहा वर्षांचा संसार आणि दहा मिनिटं. बाहेर आल्यावर बाईंनी वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाय. जग आता." मी त्यांच्या पाया पडले. मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

वर्षभरानं उमरखेडचं एक स्थळ आलं. बायको वारलेली, माणूस कंडक्टर, शांत. त्याची मोठी बहीण आली होती. तिनं चहा घेतला, वैशालीचं शिलाईचं काम पाहिलं, कौतुक केलं आणि मग फार हळू आवाजात मला म्हणाली, "राग नका येऊ देऊ, ताई. मारेगावकडून आमाले असं समजलं की पोरीले लेकरू होत नाही. माह्या भावाले एकही लेकरू नाही, म्हणून विचारते."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "कोर्टाच्या फाइलीत सगळं आहे. आठ दिवसांत नक्कल आणून तुमच्या हातात देते."

नक्कल काढायला अर्ज करावा लागतो, तो केला. चौथ्या दिवशी गेले. तिथल्या कारकुनानं फाइल काढली, पानं उलटली, परत उलटली. "मॅडम, यात संमतीचाच अर्ज हाय. दुसरा कोणताच नाही."

मी म्हटलं, त्याच्या आधीचा, अकरा मुद्द्यांचा.

त्यानं रजिस्टर पाहिलं. कॉम्प्युटर पाहिला. भला माणूस होता, दोन्ही नावांनी पाहिलं. "मॅडम, असा अर्ज दाखलच नाही झाला."

मी तिथून बाईंच्या खोलीपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. दोन वाजले होते. बाई उभ्यानं भाकर खात होत्या. इथून पुढे त्यांना अहोजाहो करणं मला जड जातं, पण सवय सुटत नाही.

"सात नंबर दाखल केला नव्हता?" मी विचारलं.

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. "नाही."

"आणि रिपोर्ट?"

"समोरच्याले दिला. मसुदाही दिला. त्याच अटीवर तो राजी झाला."

"आम्हाला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर वैशाली नाही म्हणाली असती."

"म्हणालीच असती!"

"मग सहा वर्षं गेली असती, मास्तरीणबाई. बत्तीसची पोरगी अडतीसची झाली असती. त्यानं वकील लावला असता, त्यानं तिले भर कोर्टात नाही नाही ते विचारलं असतं. रिपोर्ट खोटा म्हणून पुन्हा तपासण्या. मी पाह्यल्या अशा बाया. कागदावर जिंकल्या अन् घरी गेल्या तर घरी कोणीच नव्हतं."

मी म्हटलं, "तुम्ही तिच्या डोळ्यांत पाहून खोटं बोललात."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. कांदा तसाच फोडलेला पडला होता. मी बाहेर आले तेव्हा बाजूचा टायपिस्ट पायरीपर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, की बाईंची स्वतःची केस नऊ वर्षं चालली होती. त्यांना जे जे लिहून हवं होतं ते सगळं हुकुमात आलं. तो कागद हातात पडला तेव्हा त्या चव्वेचाळीसच्या होत्या.

असेल. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. एसटीत बसेपर्यंत वाटत राहिलं. मग राग आला, तो आजवर गेला नाही. पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, चोर म्हणून शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण या बाईनं माझ्या बहिणीचं भलं ठरवलं, तिला न विचारता, आणि ते करताना तिच्याकडून कागद तीनदा वाचूनही घेतला. जे कागदावर नव्हतं ते ती कितीदा वाचणार होती? नवऱ्यानं तिच्या माघारी खरं दडवलं म्हणून तिनं घर सोडलं. मग मी तिला हात धरून नेलं आणि दुसऱ्या एका माणसासमोर बसवलं, ज्यानं तेच केलं.

नक्कल नाही मिळाली म्हटल्यावर उमरखेडची बहीण "कळवतो" म्हणाली. फोन आला नाही. मी वैशालीला म्हटलं, आपण वकिलांच्या संस्थेकडे तक्रार करू. तिनं मशीनवरची मान उचलली नाही. "तिथंही पयल्यापासून सांगा लागन, ताई. रिपोर्ट कुठं हाय म्हणतीन. काय दाखवू?" दवाखान्यातही आम्ही जाऊन आलो होतो. ज्याचा रिपोर्ट त्यालाच मिळतो म्हणाले. तुझ्या तपासण्या नव्यानं करू म्हटलं, तर म्हणाली, "पुन्हा मीच शाबीत करू का, ताई?"

वैशालीचं काम गावात सगळ्यात सफाईचं आहे. ब्लाऊज तिच्याकडे, शाळेचे गणवेश तिच्याकडे. फक्त बाळाची झबली कुणी तिच्याकडे शिवायला टाकत नाही. कुणी तसं बोलून दाखवत नाही. ती मात्र उरलेल्या मऊ कापडाची झबली शिवते, घडी घालते आणि आपल्या शिलाईच्या दुकानात वरच्या फळीवर ठेवते.

गेल्या वर्षी एका सहकारी शिक्षिकेच्या प्रतिज्ञापत्रासाठी यवतमाळच्या कोर्टात जाणं झालं. मागच्या अंगाला जायचं नाही असं ठरवून गेले आणि पाय तिकडेच वळले. टिनाची खोली तशीच. बाई थकलेल्या दिसल्या, चष्मा जाड झालेला. समोर वैशालीच्या वयाची एक बाई बसली होती. मांडीवर तपकिरी पाकीट, दोन्ही हातांनी धरलेलं. तिचं खालून वर वाचून नुकतंच झालं असावं, कारण मानकर बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ओरिजिनल दे."

मी दारातूनच बोलले. "देऊ नका, बाई. आधी झेरॉक्स काढा. ओरिजिनल घरी ठेवा, कोर्टानं मागितलं की स्वतः घेऊन या. आणि अर्ज लावला म्हणाल्या की नंबर मागा. नंबर मिळेपर्यंत विश्वास ठेवू नका."

ती बाई घाबरून माझ्याकडे पाहायला लागली, मग वकीलबाईंकडे. मानकर बाईंचा हात टेबलावर तसाच पुढे होता. त्यांनी डोळे बारीक करून मला पाहिलं. ओळखायला थोडा वेळ लागला.

"वैशाली काय करते?" त्यांनी विचारलं.

"झबली शिवते," मी म्हटलं. "कोणी नेत नाही."

बाईंनी हात मागे घेतला. मग त्या बाईला म्हणाल्या, "जाय. गेटच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान हाय. दोन काढ. ओरिजिनल माह्याजवळ आणू नको."

मी तिच्यासोबत निघाले. तिनं विचारलं, "तुमी वकील हा का, मॅडम?" मी म्हटलं, नाही, मी एकीची बहीण आहे. गेटपाशी पोचल्यावर मी एकदा मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं. बाईंनी त्या बाईचा अर्ज स्वतःच्या पुढे ओढला होता, शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवलं होतं, आणि ते बोट हळूहळू वर सरकत होतं.